वाचक विचारतात: नेट झीरोच्या वाटेत घर अडून बसतं तेव्हा

जुनं घर नेट झीरो करायचं, म्हणजे वर्षभरात ते जेवढी ऊर्जा खाईल तेवढी त्याने स्वतःच तयार करायची, या विषयावर पत्रं मागवली होती. वाटलं होतं लोक विचारतील सुरुवात कुठून करू, पण निम्म्याहून जास्त पत्रं सुरुवात करून मध्येच अडकलेल्यांची निघाली. घर पाहावं बांधून म्हणतात खरं, पण बांधलेलं घर पुन्हा उघडून पाहणं त्याहून अवघड, हे ही पत्रं वाचताना पटतं. जी अडचण बऱ्याच जणांची होती तीच इथे घेतलीये.

प्रश्न: ताई, आम्ही भिंतींना आतून इन्सुलेशन केलं, सगळ्या खिडक्या बदलल्या, फटी बुजवल्या. पहिल्याच थंडीत बेडरूमच्या कोपऱ्यात, कपाटामागे, काळी बुरशी धरली. ठेकेदार म्हणतो भिंत आधीपासूनच ओली होती, खिडकीवाला म्हणतो इन्सुलेशनवाल्याचं काम कच्चं आहे आणि घरचे म्हणतात जुनंच बरं होतं, निदान कोरडं तरी होतं. सगळं उखडून टाकावंसं वाटतंय.

उखडू नका, निदान अजून तरी नाही. आधी पाणी नक्की कुठून येतंय ते बघा, कारण वेगवेगळी कारणं असू शकतात आणि सगळ्यांचे डाग दिसायला सारखेच दिसतात.

एक साधी टेस्ट आहे, आजच करा. डागाशेजारी भिंतीचा हातभर तुकडा पुसून कोरडा करा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा चौकोन ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोनेक दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, मग पाइपची गळती, बाहेरून मुरणारा पाऊस, जमिनीतून चढणारी ओल यांचा शोध घ्यायचा. आत कोरडं आणि खोलीकडच्या बाजूला ओलसर असेल तर पाणी खोलीतल्या हवेतलं आहे, भिंतीचा त्यात दोष एवढाच की ती गार आहे. तुमच्या पत्रातलं 'कपाटामागे' आणि 'कोपऱ्यात' हे दोन शब्द वाचून मला दुसरीच शक्यता जास्त वाटते, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, प्लॅस्टिक लावा.

आता हे का होतं? चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे असं सगळं धरून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. आधी ते जुन्या खिडक्यांच्या फटींतून निघून जायचं, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. फटी बुजवल्यावर ते आतच राहिलं. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १२ अंशांच्या पृष्ठभागावर चक्क दव पडतं, आणि बुरशीला तर दवाचीही गरज नसते, भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं. कोपरा, बाल्कनीचा स्लॅब भिंतीला मिळतो ती जागा, खिडकीवरचं लिंटेल, इथे इन्सुलेशन तुटतं म्हणून भिंत तिथे इतरांपेक्षा गार राहते, आणि त्यात कपाट चिकटवून ठेवलं की खोलीतली ऊबही तिथवर पोचत नाही.

तुमचे तिघेही आपापल्या परीने खरं बोलत असतील. इन्सुलेशनवाल्याने इन्सुलेशन केलं, खिडकीवाल्याने खिडक्या बसवल्या, पण हवा खेळती ठेवायचं काम कोणाच्याच कोटेशनमध्ये नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. एक साधा आर्द्रतामापक आणून खोलीत ठेवा. आकडा सतत ६०च्या वर असेल तर आधी बाथरूम आणि स्वयंपाकघरातले एक्झॉस्ट नीट चालतात का आणि त्यांची हवा खरंच बाहेर जाते का (कितीतरी घरांत ती फॉल्स सीलिंगमध्येच सोडलेली असते) ते बघा, अंघोळीनंतर तो पंखा अर्धा तास चालू राहू द्या, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. तेवढ्याने भागलं नाही तर हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन. त्यात बाहेर जाणारी हवा आपली ऊब आत येणाऱ्या हवेला देऊन जाते आणि चांगल्या यंत्रात ७५ ते ९० टक्के उष्णता परत मिळते. खरं तर घर एवढं घट्ट केलंत तेव्हाच हे यंत्र यायला हवं होतं, पण उशिरा आलं तरी चालतं.

एक गोष्ट मात्र तज्ज्ञाकडून तपासून घ्याच. आतून इन्सुलेशन केलं की मागची मूळ भिंत आधीपेक्षा गार होते, आणि इन्सुलेशनच्या कडेला कुठे फट राहिली तर खोलीतली दमट हवा मागे जाऊन तिथे, न दिसणाऱ्या जागी, पाणी होते. थर्मल कॅमेऱ्याने थंडीच्या सकाळी पाहिलं तर अशा जागा गडद उमटतात. तेवढाच भाग उघडून दुरुस्त करता येतो, सगळी भिंत नाही. आणि प्लीज, अँटी-फंगल पेंट मारून मोकळे होऊ नका, बुरशी पेंटच्या मागून वाट काढते.

(उकाड्याच्या आणि दमट हवेच्या भागात राहणाऱ्यांनी हे सगळं उलटं वाचायचं. तिथे ओल बाहेरून आत यायला बघते आणि एसीने गार झालेल्या आतल्या थरावर अडते, म्हणून तिथे भिंतीच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर किंवा विनाइल वॉलपेपर लावणं म्हणजे बुरशीला आवतण.)

प्रश्न: आम्ही ब्लोअर डोअर टेस्ट करून घेतली. ठेकेदाराने १ येईल असं सांगितलं होतं, आले ४.८. एवढे दिवस फोम मारत होते ते काय करत होते? आता फॉल्स सीलिंगसुद्धा झालंय. सगळे पैसे पाण्यात गेले का?

नाही गेले. आधी हा आकडा कसला ते इतर वाचकांसाठी सांगते. मुख्य दारात पंखा बसवून घराच्या आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक तयार करतात आणि तेवढ्या दाबाला घरातली सगळी हवा तासाभरात किती वेळा बदलते ते मोजतात. जर्मनीत डार्मश्टाटच्या पॅसिव्ह हाउस इन्स्टिट्यूटने नव्या घरांसाठी ०.६ ही मर्यादा ठेवलीये. जुन्या घरात ते फार अवघड जातं हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून दुरुस्त केलेल्या घरांसाठी त्यांचं एनरफिट नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्यात १.० चालतं. हात न लावलेल्या जुन्या घरात हाच आकडा दहाच्याही वर निघू शकतो. कामाआधी टेस्ट केली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझा पहिला प्रश्न तोच आहे, कारण आधी १२ असेल तर ४.८ हे मोठं काम झालंय, आणि आधी ५.२ असेल तर ठेकेदाराला बसवून बोलायला पाहिजे.

टेस्टवाल्याला पुन्हा बोलवा, या वेळी आकड्यासाठी नाही तर फटी शोधायला. पंखा घरातली हवा बाहेर ओढत असताना एक उदबत्ती घेऊन घरभर फिरा. जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा आत घुसते आणि धूर एकदम खोलीच्या दिशेने फेकला जातो, इतका स्पष्ट की लहान पोरालाही दाखवावं लागत नाही. खिडकीची काच किंवा पल्ला सोडा, चौकट भिंतीला जिथे मिळते तो सांधा बघा. सिंकखाली पाइप भिंतीत जातो ती जागा बघा, स्विचबोर्ड बघा (वायरींच्या नळ्या थेट छतापर्यंत गेलेल्या असतात आणि चिमणीसारख्या हवा ओढतात), एसीच्या पाइपचं भोक, माळ्याची झडप. गरम हवा वर चढते म्हणून वरच्या फटी जास्त नडतात, सुरुवात वरूनच करा. तुमचं फॉल्स सीलिंग झालंय हे वाईट झालं, पण बहुतेक वेळा दिव्यांच्या भोकांतून कळतं की वरचा थर बंद आहे की नाही, सगळं सीलिंग काढायची वेळ क्वचितच येते.

फोमबद्दल. फोम पोकळी भरतो, पण इमारत थोडी हलते, लाकूड फुगतं-आकसतं, आणि मग फोमच्या कडेने केसाएवढी भेग पडते. सांध्यांना लवचीक टेप किंवा सीलंटच लागतं. ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांनी हे वाचून एवढं तरी करा, पहिली टेस्ट कामाआधी, दुसरी प्लास्टर किंवा सीलिंग झाकायच्या आधी, आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता दुसऱ्या टेस्टच्या आकड्याला बांधलेला, लेखी. भिंत बंद व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, पुढे कुठे ड्रिल मारायचं तेही त्यातून कळतं.

आणि घरात आत जळणारं काही असेल, म्हणजे आतली हवा घेणारा गॅस गिझर, लाकडाची शेगडी वगैरे, तर घर घट्ट करायच्या आधी ते बदला किंवा तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. यात आळस नको, यात जीव जातो.

प्रश्न: सोलर लावून वर्ष होत आलं. कंपनीने सांगितल्यापेक्षा युनिट कमी पडतायत. कंपनी म्हणते ढगाळ हवामान. ऐन उन्हाळ्यात पण?

उन्हाळ्यातच तर. पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतली असते, चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि सेल २५ अंशांवर. छतावर कडक उन्हात सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतो आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्का उत्पादन घटतं, म्हणजे चाळीस अंशांचे १४ टक्के तिथेच गेले. हे फसवणूक नाही, हा पॅनेलचा स्वभाव आहे, पण अंदाज देताना कंपनीने तो धरला होता का हे विचारा.

त्याहून उपयोगाचं म्हणजे इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) ॲपमधला एका स्वच्छ दिवसाचा ग्राफ उघडा. तो छान गोल टेकडीसारखा दिसायला पाहिजे. रोज ठरलेल्या वेळी त्यात खाच पडत असेल तर सावली आहे, पाण्याची टाकी, शेजारचं झाड, अँटेना, काहीही. पॅनेल माळेत जोडलेले असतात म्हणून एकावरची सावली इतरांनाही खाली ओढू शकते, त्यावर उपाय म्हणजे अडथळा हलवणं किंवा तेवढ्या पॅनेलना ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक पॅनेलला स्वतंत्रपणे काम करू देणारं छोटं यंत्र. टेकडीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट असेल तर पॅनेलच्या मानाने इन्व्हर्टर लहान आहे, बरेचदा ते मुद्दाम तसं ठेवतात आणि वर्षाचं नुकसान थोडं असतं, त्यावर डोकं खपवू नका. पण भर दुपारी ग्राफ एकदम शून्यावर पडतोय, परत वर जातोय, परत पडतोय, करवतीच्या दातांसारखा, तर ग्रिडचं, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनचं, व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर स्वतःला बंद करत असण्याची दाट शक्यता आहे. इन्व्हर्टरच्या इव्हेंट लॉगमध्ये त्याची नोंद असते. ती छापून घेऊन वीज कंपनीकडे जा, ही तक्रार त्यांच्याकडची आहे, सोलरवाल्याकडची नाही, आणि नोंद हातात असली की टोलवाटोलवी कमी होते. ग्राफ अगदी सुरेख पण सगळाच बुटका, तर धूळ. पॅनेल धुवा आणि दुसऱ्या दिवशीचा ग्राफ शेजारी ठेवून बघा.

प्रश्न: गॅस बंद करून हीट पंप बसवला आणि विजेचं बिल आधीपेक्षा वाढलं. मिस्टर रोज टोमणे मारतात. कुठे चुकलं?

विजेचं बिल वाढणारच, गॅसचं बंद झालं ना! दोन्हींची बेरीज आधीच्या दोन्हींच्या बेरजेशी ताडून बघा, नुसतं विजेचं बिल मिस्टरांच्या हातात देऊ नका.

बेरीजही वाढली असेल तर पहिला संशय बॅकअप हीटरवर. हीट पंप बाहेरची ऊब खेचून एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता घरात आणतो, पण त्यातच एक साधी कॉइल बसवलेली असते, ती एकास एक. सेटिंग चुकलं तर दिवसभर कॉइलच चालते आणि पंप नुसता शोभेला, आणि हे बाहेरून कळत नाही, कारण घर गरम होतच असतं. कॉइल कधी चालू होते ते इन्स्टॉलरला विचारा, जमलं तर पंपाच्या लाइनवर वेगळा मीटर लावा. दुसरा संशय पाण्याच्या तापमानावर. गॅस बॉयलरच्या सवयीने लोक रेडिएटरला (गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पत्रे) ६०-६५ अंशांचं पाणी पाठवतात, ते ४५च्या आसपास आणता आलं तर पंपाचं काम खूप हलकं होतं. मग रेडिएटर हाताला कोमट लागतात आणि घरातले म्हणतात बंद पडलं की काय, पण खोलीचं तापमान ठरल्याप्रमाणे असेल तर सगळं ठीक आहे. तिसरी गोष्ट, घराचं इन्सुलेशन होण्याआधीच्या हिशेबाने पंप घेतला असेल तर तो आता मोठा ठरतो, दर पाच-दहा मिनिटांनी चालू-बंद, चालू-बंद. त्यात वीजही जाते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही. एसीचंही तसंच, मोठा एसी खोली झटकन गार करतो पण दमटपणा काढायच्या आधीच थांबतो, आणि खोली गार असूनही चिकट वाटते. म्हणून आधी भिंती, मग यंत्रं, असं मी कंठशोष करून सांगत असते.

आणि दोन वर्षांची तुलना करताना हवामान धरा. बाहेरचं दिवसाचं सरासरी तापमान १८ अंशांपेक्षा जेवढं कमी तेवढे त्या दिवसाचे 'डिग्री डे', म्हणजे सरासरी ८ असेल तर १०. महिन्याची बेरीज काढून तापवण्यासाठी लागलेल्या युनिटना तिने भागा. हा आकडा खाली येत असेल तर घर सुधारतंय, मग त्या वर्षी थंडी कितीही पडलेली असो. मिस्टरांना हे काम द्या. टोमणे मारणारी माणसं हिशेबाला चांगली असतात असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: भिंत उघडली तर आत लाकूड कुजलेलं निघालं, बजेट तिथेच संपलं, काम ठप्प आहे. धुळीत राहतोय. घरात कोणी कोणाशी नीट बोलत नाही. अर्धवट सोडलं तर लोक हसतील आणि पुढे न्यायला पैसे नाहीत.

लोकांचं सोडा. कुजलेलं लाकूड तुम्ही उघडलं नसतं तरी कुजतच राहिलं असतं, फक्त इन्सुलेशनमागे लपून, आणि दहा वर्षांनी छतासकट दिसलं असतं. हे काम तुम्हाला कधी ना कधी करावंच लागणार होतं, त्याचा खर्च नेट झीरोच्या खात्यावर मांडू नका. (वाचकांनी नोंद घ्या, जुन्या घरात एकूण अंदाजाच्या पंधरा-वीस टक्के रक्कम अशा निघणाऱ्या भानगडींसाठी बाजूला ठेवल्याशिवाय हातोडा उचलू नये.)

थांबणं आणि सोडणं यात फरक आहे, पण थांबायचं कुठे ते बघून थांबा. लाकूड दुरुस्त करा, ओलीचं मूळ बंद करा, भिंत बंद करा, पाऊस-वारा आत येणार नाही एवढं करा, आणि तिथे थांबा. उघडी भिंत आणि अर्धं लावलेलं इन्सुलेशन अशा अवस्थेत थांबलात तर झालेलं कामही नासतं. एनरफिटमध्येसुद्धा टप्प्याटप्प्याने काम करायची अधिकृत सोय आहे, आधी पूर्ण आराखडा करतात आणि मग छत दुरुस्तीला आलं की छत, खिडक्या म्हाताऱ्या झाल्या की खिडक्या, अशी वर्षानुवर्षं कामं चालतात. आराखडा मात्र आधी आणि एकच हवा, नाहीतर आज खिडकी बसते आणि उद्या बाहेरून इन्सुलेशन करताना तिची चौकट आड येते. ज्या खिडक्या ठीक आहेत त्या तर बदलूच नका, त्यांचे रबर बदला, आणि ऊन येत असेल तर पडदा आतून नाही, काचेच्या बाहेर आडोसा करा, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडद्याने परत जात नाही.

घरातल्या अबोल्याचं म्हणाल तर एक खोली पूर्ण करा. अगदी पूर्ण, रंग, पडदे, दार घट्ट लागणारं, धूळ शून्य, आणि कामाचं एकही सामान तिथे ठेवायचं नाही अशी सक्त ताकीद. तिथे सगळ्यांनी संध्याकाळी बसायचं. इन्सुलेशन केलेल्या भिंतीला पाठ टेकली की गार लागत नाही, हे एकदा पाठीला कळलं की बाकीच्या घराबद्दलची चर्चा वेगळ्या सुरात होते. आणि हो, त्या खोलीत बजेटचं नाव काढायचं नाही.

प्रश्न: आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, छत आमचं नाही. मग सोडूनच द्यायचं?

स्वतःच्या छताशिवाय काटेकोर नेट झीरो जमणं कठीण, हे खरंच आहे. पण वापर कमी करायला छत लागत नाही. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो, आणि पंखे दिवसभर चालतात म्हणून हिशेब मोठा होतो. पाणी तापवणं हा दुसरा मोठा खर्च, गिझरच्या टाकीचं इन्सुलेशन आणि तापमानाचं सेटिंग तपासा. रात्री सगळे झोपल्यावर मीटर बघा, फ्रिज सोडून जे काही चालू असेल ते एकेक प्लग काढून शोधून काढा. आणि छतासाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडायचा असेल तर जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं सामाईक बिल घेऊन जा. ते सगळ्यांच्याच खिशातून जातं, त्यामुळे निदान ऐकून तरी घेतात. पहिल्या मीटिंगला विषय फेटाळला जाईल हे धरूनच चला, आणि पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर तो लेखी घालून या.